कागदावरचा एक शब्द

'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्या शहरात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवली जाते. आम्ही तर अंबड तालुक्यातले. आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलो. कुंडलिकेच्या दोन तीरांवर जुना आणि नवा जालना, औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या रोलिंग मिली, देशभर नाव झालेल्या बियाण्यांच्या कंपन्या आणि पलीकडे मोसंबीच्या बागा. आमच्या धर्मग्रामातली बहुतेक घरे याच पाळण्यात झोका घेतात. कोणी भट्टीवर, कोणी क्रेनवर, कोणी गोदामात, कोणी कचेरीत.

पाळणा कोणत्या दोरीला टांगला आहे, हे आत निजलेल्याला ठाऊक नसते. दोरी सुटली की कळते. आज लिहायचे आहे ते त्या दोरीविषयी, आणि ती सुटत असताना आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी. चूक आमची आहे, म्हणून ती झाकून ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

२०२२ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. एका मिलमध्ये १९ वर्षे फिटरचे काम केलेले आमचे एक धर्मग्रामस्थ संध्याकाळी आमच्याकडे आले. वय ५२. भट्टीच्या धगीने डोळे अधू झालेले, रात्रपाळीने झोप मोडलेली. थोरल्या मुलाला छोटीशी नोकरी लागली होती. घरापुढच्या जागेत वेल्डिंगचे दुकान टाकावे, असे त्यांच्या मनात होते. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी विचारले, "फादर, सोडू का नोकरी?"

आम्ही त्यांच्याशी तासभर बोललो. माणसाच्या श्रमाला प्रतिष्ठा असली पाहिजे, कुटुंबाला वडिलांचा सहवास मिळाला पाहिजे, शरीर ही देवाची देणगी आहे, असे पुष्कळ काही बोललो. त्यांतले एकही वाक्य खोटे नव्हते. भविष्य निर्वाह निधीत किती साचले आहे, दुकानाला भांडवल किती लागेल, हेही विचारले. शेवटी म्हणालो, "सोडा." एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तरी बरे झाले असते. पण त्यांना लिहिण्याचा संकोच वाटत होता, म्हणून राजीनाम्याचा मजकूर आम्हीच लिहून दिला. भाषेची आम्हांला पहिल्यापासून हौस. 'स्वेच्छेने राजीनामा देत आहे' हे शब्द आम्ही मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिले. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी काम सोडले.

त्या तासाभरात एक प्रश्न आम्ही विचारला नाही. घरात औषध कोणाला चालू आहे आणि ते कोठून येते, हा तो प्रश्न.

त्यांच्या पत्नीला बारा वर्षांपासून मधुमेह होता. इन्सुलिन, गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, सारे कामगार विम्याच्या कार्डावर येत असे. कार्ड नवऱ्याच्या नोकरीचे. नोकरी गेली की कार्डाचेही दिवस भरतात. घरातल्या कोणाच्या हे ध्यानात आले नाही, कारण कार्ड लगेच बंद पडले नाही.

कार्ड लगेच का बंद पडले नाही, हे आम्हांला पुढे फार उशिरा समजले. आपल्या देशातल्या या योजनेचा पाया प्रा. बी. पी. आडारकर यांच्या अहवालात आहे. १९४३ साली सरकारने त्यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना मागितली आणि १९४४ साली त्यांनी ती सादर केली. १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिचे गणित वर्गणीचे आहे. २०१९ सालच्या जुलैपासून कामगाराच्या पगारातून शंभराला पाऊण रुपया आणि मालकाकडून सव्वातीन रुपये घेतले जातात. आमच्या फिटर बंधूंचा पगार महिना १८ हजार होता. म्हणजे त्यांचे १३५ रुपये आणि मिलचे ५८५. या वर्गणीचे वर्षाचे दोन हिस्से असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एका हिस्स्यात पुरेसे दिवस वर्गणी भरली गेली, की तिचा लाभ काही महिने मागे राहून पुढच्या सहामाहीत मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबर. म्हणून एप्रिलमध्ये नोकरी सुटूनही त्यांचे कार्ड डिसेंबरअखेर चालले. घरात सगळ्यांना वाटले, कार्ड आपलेच आहे, ते कुठे जात नाही.

जानेवारीत ते चालेनासे झाले. दुकान नुकते कुठे पायावर उभे राहत होते. ताईंनी घरात कोणाला काही सांगितले नाही. त्यांनी स्वतःच्या मनाने हिशेब केला आणि इन्सुलिन कमी केले. गोळी एक दिवसाआड घेऊ लागल्या. दर रविवारी मिस्सेला यायच्या, हसून "बरं आहे फादर" म्हणायच्या, आणि आम्ही ते बरे खरे मानून पुढच्या माणसाकडे वळायचो. सरकारी दवाखान्यात नाव घालून औषध घेता आले असते. ती वाट दाखवायला कोणी नव्हते, आम्हीही नव्हतो. चैत्रातल्या उन्हात पायाच्या बोटाला चपलेचा फोड आला. तो भरेना. सरकारी रुग्णालयात त्यांना नेले तेव्हा डॉक्टरांनी शिकस्त केली. पाय वाचला. उजव्या पायाचे एक बोट गेले.

आम्ही रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा ताई आमचीच समजूत काढत होत्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका लग्नाच्या जेवणावळीत आमच्या शेजारी दुसऱ्या एका मिलच्या कचेरीत हजेरी आणि पगाराचे काम पाहणारा तरुण बसला होता. बोलता बोलता ही हकीकत निघाली. त्याने घास तसाच ठेवला आणि विचारले, "फादर, त्यांनी राजीनामा दिला का? राजीनामा नव्हता द्यायचा. मुदतपूर्व निवृत्ती घ्यायची होती, आणि तसा दाखला मागायचा होता."

मग त्याने सांगितले ते असे. जो कामगार निदान पाच वर्षे या विम्यात राहिला आहे, तो वयोमानानुसार निवृत्त झाला, स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली बाहेर पडला किंवा मुदतपूर्व निवृत्त झाला, तर त्याला आणि त्याच्या पत्नीला उपचार पुढेही मिळतात. निवृत्तीचा पुरावा द्यायचा आणि महिन्याला १० रुपये याप्रमाणे वर्षाचे पैसे एकदम आगाऊ भरायचे. वर्षाचे १२० रुपये. मुलांना आणि आईवडिलांना हे लागू नाही, नवराबायकोला आहे.

१२० रुपये! आमच्या वेदीवरच्या मेणबत्त्यांचा खर्च याहून जास्त आहे. १९ वर्षे वर्गणी भरलेल्या माणसाच्या घरात इन्सुलिन तुटले, ते १२० रुपयांवाचून नव्हे. ते तुटले एका शब्दावाचून. आणि तो शब्द आमच्या वळणदार अक्षरांत लिहिलेला होता.

आम्ही दुसऱ्याच दिवशी त्या बंधूंना घेऊन मिलच्या कचेरीत गेलो. तिथल्या मंडळींनी आम्हांला आदराने बसवले, फाईल काढली, आमचाच कागद आमच्यापुढे ठेवला. "फादर, माणसाने जे लिहून दिले तेच आम्ही दाखल्यात लिहिणार. वर्षभरानंतर दुसरे कसे लिहू?" त्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही तो कागद वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती.

पुण्याच्या सेमिनरीत आम्ही सात वर्षे काढली. तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो. पोप तेरावे लिओ यांचे १८९१ सालचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक आम्ही परीक्षेसाठी तोंडपाठ केले होते. कामगारांच्या आजारपणासाठी, अपघातासाठी, म्हातारपणासाठी निधी असला पाहिजे, असे त्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. तो निधी आमच्या देशात उभा होता, आमच्या शहरात चालू होता, आमच्या माणसाची १९ वर्षांची वर्गणी त्यात पडली होती. आणि त्याचे दार कोणत्या कागदाने उघडते हे आम्हांला ठाऊक नव्हते. तत्त्व पाठ होते, अर्जाचा नमुना माहीत नव्हता. गरिबाचे काम बहुधा अर्जापाशीच अडते.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यात, हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरात आला. आमचे धाकटे बंधू एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करीत. पगार २१ हजारांच्या वर, म्हणून कामगार विम्याच्या मर्यादेबाहेर. २०१७ सालापासून ती मर्यादा २१ हजारांची होती. त्यांना कंपनीचा सामूहिक मेडिक्लेम होता. वडिलांच्या माघारी गावची मोसंबीची बाग वाळत चालली होती, आई ७४ वर्षांची, एकटी. बंधूंनी नोकरी सोडून गावी जायचे ठरवले आणि नेहमीप्रमाणे आमच्याकडे विचारायला आले. "दादा, राजीनामा लिहून देतोस का? तुझी भाषा चांगली आहे."

आम्ही म्हणालो, "आधी विम्याचे कागद घेऊन ये. भावजयींनाही घेऊन ये." भावजयींना मधुमेह आहे, हे या वेळी आम्ही विसरलो नव्हतो.

तीन संध्याकाळी आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. पहिल्या संध्याकाळी एवढेच शोधले, की कंपनीचा विमा नेमका कोणत्या तारखेला संपतो. बंधूंची समजूत होती की वर्षाचा हप्ता भरला आहे, म्हणजे वर्ष पुरे होईपर्यंत चालेल. कंपनीत विचारल्यावर कळले की नोकरीचा शेवटचा दिवस तोच विम्याचा शेवटचा दिवस. रात्री बारानंतर भावजयी दवाखान्यात गेल्या असत्या, तर तो खर्च आमच्या बंधूंचा.

दुसऱ्या संध्याकाळी मार्ग मांडले. पहिला मार्ग, काहीच न करणे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१३ साली राज्यभर गेली, २०१७ साली तिला हे नाव मिळाले. आणि जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासह सर्वांना, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत, ती खुली झाली. ही मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या धर्मग्रामात कित्येकांना ती अजून माहीत नाही. परंतु ती ठरावीक उपचारांसाठी, ठरावीक रुग्णालयांत, बहुतांशी दाखल झाल्यावर आहे. रोजची गोळी तिच्यात येत नाही. ती घराचा पाया होऊ शकते. सबंध घर नव्हे.

दुसरा मार्ग, मुलाच्या नोकरीतल्या विम्यात आईवडिलांचे नाव घालणे. पुतण्याच्या कंपनीत ती सोय होती. पण बंधूंनीच विचारले, "त्याने नोकरी बदलली तर?" म्हणजे दोरी पुन्हा दुसऱ्याच्या खुंटीला.

तिसरा मार्ग, नव्या कंपनीची नवी पॉलिसी घेणे. यात अडचण अशी, की आधीपासून असलेल्या आजाराला नवी पॉलिसी काही काळ दारातच उभे करते. हा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे. तरीही तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे.

चौथा मार्ग आम्हांला ठाऊकच नव्हता. सामूहिक विम्यातून बाहेर पडणारा माणूस त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाऊ शकतो, आणि सामूहिक विम्यात काढलेली वर्षे त्या प्रतीक्षेच्या काळातून वजा होतात. बंधूंची ११ वर्षे झाली होती. मात्र अर्ज जुना विमा संपण्यापूर्वी, वेळ ठेवून करायचा. आणि माणसाची प्रकृती पाहून हप्ता ठरवण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. नोकरी सोडल्यावर महिन्याने जाग आली, तर ११ वर्षांची पुण्याई पाण्यात.

तिसऱ्या संध्याकाळी एजंट आले. मनुष्य सज्जन, बोलायला गोड. फॉर्म भरताना ते म्हणाले, "वहिनींच्या शुगरचं लिहायला नको. हप्ता वाढतो." बंधूंनी आमच्याकडे पाहिले. हप्ता तसाही चाळीस हजारांच्या आसपास जात होता. वैयक्तिक आरोग्य विम्यावर त्या वेळी शंभराला १८ रुपये जीएसटी होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो काढून टाकला आहे. बागेचे उत्पन्न अजून दूर होते. चार-पाच हजार वाचत होते.

आम्ही धर्मगुरू आहोत म्हणून सत्याचे प्रवचन देऊ, अशी सगळ्यांची अपेक्षा असावी. आम्ही एवढेच विचारले, की लपवलेले उघड झाले तर काय होते? एजंट थोडे थांबून म्हणाले, "क्लेम नाकारतात." म्हणजे चाळीस हजार भरून जे विकत घ्यायचे, तेच गरजेच्या दिवशी मिळणार नाही. खरे बोलणे इथे केवळ सद्गुण नव्हता. तो साधा व्यवहार होता. भावजयींनी स्वतः पेन घेतले आणि मधुमेहाच्या रकान्यात 'होय' असे लिहिले. वर्षही लिहिले.

बंधूंनी राजीनामा पाच आठवडे पुढे ढकलला. नवी पॉलिसी हातात आली, तिच्यातल्या प्रतीक्षेच्या कलमात जुनी वर्षे धरली आहेत की नाहीत हे त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून पाहिले, आणि मगच कंपनीला पत्र दिले. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून पुढच्या दोन वर्षांच्या हप्त्यांची रक्कम त्यांनी बँकेत वेगळी ठेवली. आईचे नाव त्या पॉलिसीत परवडत नव्हते. पण २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे कार्ड मिळू लागले. आईचे ते काढून घेतले. या वेळी राजीनाम्याचा मजकूर आम्ही लिहिला नाही. बंधूंनी चार ओळींत स्वतःच लिहिला.

आता कोणी म्हणेल, फादर, आपल्या भावाला तीन संध्याकाळी दिल्या आणि त्या फिटरला एक तास. हा आरोप दुसऱ्या कोणी करण्यापूर्वी आम्ही तो स्वतःवर केला आहे. तेव्हा आम्हांला माहीत नव्हते, ही सबब खरी आहे, पुरेशी नाही. ज्या विषयातले कळत नाही त्यात सल्ला देताना निदान जाणत्याकडे पाठवता येते. आमच्याच धर्मग्रामात तो हजेरीचा तरुण दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होता.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर सभागृहात एक टेबल मांडतो. तो तरुण बसतो, एक निवृत्त परिचारिका बसतात, आम्ही चहा देतो. नोकरी सोडायच्या विचारात असलेल्यांना तिथे तीन प्रश्न विचारले जातात. आताचा विमा कोणत्या तारखेला संपतो? बाहेर पडताना कागदावर कोणता शब्द लिहिणार? घरात रोजचे औषध कोणाला आहे? उत्तर येईपर्यंत कोणी राजीनामा देत नाही, एवढाच आमचा नियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९४८ चा जुना कायदा तिच्यात सामावला. निवृत्त कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला उपचार मिळण्याची तरतूद तिच्यातही आहे. पण नियम आणि आकडे बदलत राहतात. म्हणून टेबलावरून प्रत्येकाला निरोप मिळतो, की आम्ही सांगतो यावर थांबू नका, कार्ड घेऊन कामगार विम्याच्या कचेरीत जा आणि उत्तर लिहून आणा.

गेल्या महिन्यात त्या टेबलाशी एक वेल्डर आले होते, वय ४९, सोबत बायको. त्यांच्याही तोंडात राजीनामाच होता. परिचारिकाबाई त्यांची औषधे विचारीत होत्या, तेवढ्यात आमच्या ताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. पायात दवाखान्यातून करून आणलेला मऊ जोडा होता. त्यांचे औषध आता सरकारी दवाखान्यातून नियमित येते. दुकान बरे चालते. त्यांनी त्या वेल्डरच्या बायकोपुढे कप ठेवला, खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "गोळ्या कमी करू नका बरं, बाई. आधी इथं सांगा."

आम्ही ट्रे उचलला आणि पुढचे कप भरायला गेलो.